मायच्या मातीची हकीकत

रविवार, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

येशूची कृपा तुझ्यावर आणि तुझ्या मठातल्या सगळ्या सिस्टरांवर असो. इथं घरी सगळे ठीक आहेत. तुझं २९ ऑगस्टचं पत्र मला काल मिळालं. पोस्टमन ते माझ्या कामावर, मिशनच्या बोर्डिंगात, देऊन गेला होता आणि आचाऱ्यानं पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं, म्हणून इतका उशीर. तुझं अक्षर अजून तसंच बारीक. तुझ्या भावजयीला, सिताला, चष्मा लावूनही लागेना, मग पोरीनं, अक्षदानं, मोठ्यानं वाचून दाखवलं. मायचा भाग आला तेव्हा ती पत्र माझ्या हातात देऊन पाणी प्यायला उठली.

पाऊस यंदा फार. पोळ्याला बैल बाहेर काढता आले नाहीत. शेजारच्या शरणबसप्पा काकांचं सोयाबीन अजून पाण्यात उभं आहे. ते तुझी आठवण काढतात. "तुमची मंगल अजून जाळीच्या मागंच हाय का?" असं विचारतात. मी हो म्हणतो. एकोणतीस वर्षं झाली तरी त्यांना पटत नाही की शिकलेली पोरगी आपण होऊन मठाच्या जाळीआड बसते आणि आई गेली तरी बाहेर येत नाही. मला पटतं. पण कधीकधी मलाही पटत नाही, हे आज लिहून टाकतो.

धर्मग्रामाचं काय सांगू? नऊ गावांत मिळून साठ घरं. रविवारी मिस्सेला अकरा माणसं, त्यातली चार बोर्डिंगची. नाताळच्या जेवणाला मात्र तीनशे. पेटी वाजवणारा मुरुम गावच्या दुकानात लागला, म्हणून गायन माझ्या टाळ्यांवर चालतं. तरणी पोरं त्या नव्या बरं होण्याच्या सभेला जातात, तिथं म्हणे माइक आहे. सिस्टरांचा दवाखाना आठवड्यातून दोनच दिवस उघडतो. आणि आमचे नवे फादर तुस्कानो. वसईचे आहेत, माणूस वाईट नाही, मोटारसायकलवर उन्हातान्हात फिरतात. पण हाती सदा फोन. बाप्तिस्मा झाला, फोटो. जपमाळ झाली, फोटो. सगळं ग्रुपवर टाकतात आणि खाली सगळ्यांची नावं लिहितात. मी दोनदा सांगितलं, फादर, नावं नको. ते म्हणाले, "मास्तर, दिवा झाकून ठेवायचा नसतो." वसईच्या माणसाला हे बोलणं सोपं आहे.

तू मायच्या मातीबद्दल विचारलंस. सगळं नीट झालं. पाऊस फार होता, ओढ्याला पाणी होतं, म्हणून फादरांना यायला जमलं नाही. माणसं भरपूर होती. मायला त्रास झाला नाही. शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला गेली, झोपेतच म्हण. तू काळजी करू नकोस.

अक्षदाची निवड झाली, हे मदरनी तुला सांगितलंच असेल. सरकारी दवाखान्यात नर्स. जात पडताळणीचा कागद आला की हजर व्हायचं. तेवढ्यासाठी प्रार्थना कर.

सिताचा आणि अक्षदाचा तुला नमस्कार.

तुझा धाकटा,
प्रेम

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू तीन गोष्टी विचारल्यास. कोणतं गीत म्हटलं, पहिली माती कोणी टाकली, आणि क्रुसावर नावाखाली काय लिहिलं. आणि फोटो मागितलास. मदर परवानगी देणार आहेत, तू तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवणार आहेस.

हे पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. काल तीस सप्टेंबर होता. भूकंपाच्या स्मारकाजवळ दरवर्षीसारखी गावं जमली. मी आबांसाठी मेणबत्ती लावली. भूकंप झाला तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस आणि मी एकोणीसचा. आबांना आपण ढिगाऱ्यातून काढलं आणि दुसऱ्या दिवशी लष्कराच्या माणसांनी शंभर जणांबरोबर त्यांना डिझेल टाकून जाळलं. प्रार्थना नाही, नाव नाही. माय त्यानंतर एकतीस वर्षं एकच सांगत आली, की मला मातीत ठेवा, डोक्याशी क्रूस लावा आणि त्यावर नाव लिहा, तुमच्या बापाला ते मिळालं नाही.

ताई, माय गेली त्या दिवशी पाऊस नव्हता. कडक ऊन होतं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. फादर यायला तयार होते, मीच त्यांना येऊ दिलं नाही.

आता नीट सांगतो. अक्षदाचा दाखला 'हिंदू मांग' आहे. माझाही तोच, तुझाही शाळेत तोच होता. आबांनी शाळेत घालताना तसं लिहिलं, कारण शाळेच्या मास्तरनं जात विचारली, देव विचारला नाही. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं आपल्याला गावच्या पाणवठ्यावर घेतलं नव्हतं. देवळाची पायरी तेव्हा जितकी लांब होती तितकीच नंतर राहिली. हॉटेलातली कपबशी वेगळी ती वेगळीच राहिली. गावाच्या लेखी काहीच बदललं नाही. कायद्याच्या लेखी मात्र, ज्या दिवशी आपण गुडघे टेकले त्या दिवशी आपली जात धुऊन निघाली. मी हे तीस वर्षं ऐकतो, समजावून सांगतो, आणि मला अजून ते समजत नाही. ख्रिस्ती झालेल्यांना दुसऱ्या यादीतून काही मिळतं म्हणतात, पण पोरीचा पहिलीपासूनचा एकेक कागद या नावाचा आहे. आता बदलायला गेलं तर नोकरी तर जाईलच, वर खोटेपणाचा गुन्हा.

ऑगस्टच्या सोळा तारखेला नोटीस आली. कोणीतरी निनावी अर्ज केला होता. नाताळात अक्षदानं मिस्सेत पहिलं वाचन केलं, त्याचा फोटो अर्जाला जोडला होता. फादरांच्या ग्रुपवरचा. खाली तिचं पूर्ण नाव. महिन्याभरात कोणत्याही दिवशी दक्षता पथक घरी आणि गावात चौकशीला येईल, असं नोटिशीत होतं.

आणि चोवीस तारखेला माय गेली.

मी फादरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, उद्या रविवार आहे, दुपारी मिस्सा करू, चर्चच्या मागं जागा साफ करून घ्या. मी म्हणालो, फादर, भावकी ऐकत नाही, त्यांना गावच्या रीतीनंच करायचं आहे, माझं काही चालत नाही. भावकीनं एक शब्द काढला नव्हता. चुलत भाऊ मल्हार तर मलाच विचारत होता की तुमचे पाद्री कधी येणार. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, तूच कर, तुमच्याकडं करतात तसं.

त्यानं केलं. हलगी आली. गुलाल टाकला, कापूर लावला. ओढ्याच्या काठी आपल्या लोकांची जुनी जागा आहे, तिथं खड्डा काढला. पहिली माती मल्हारनं टाकली. गीत कोणी म्हटलं नाही. ताई, शेवटी छातीवर क्रुसाची खूण करायला माझा हात आपोआप वर गेला. कपाळापर्यंत गेला आणि मी घाम पुसल्यासारखं केलं.

क्रूस नाही. म्हणून फोटो नाही.

बारा सप्टेंबरला पथकाचे साहेब आले. शांत माणूस, वहीत सुबक लिहिणारा. कुलदैवत विचारलं. मल्हारनं पढवलं होतं ते मी सांगितलं. लग्नात कोणत्या रीती करता विचारलं, तेही सांगितलं. येशूची तसबीर सितानं आदल्या आठवड्यातच लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली होती, भिंतीवर तिचा पांढरा चौकोन उरला होता, त्यावर तिनं कॅलेंडर लावलं. साहेबांनी फोनमधला फोटो दाखवून विचारलं, चर्चला जाता का? मी म्हणालो, नाताळला कधीमधी, पोरं जेवायला म्हणून. पंचवीस वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलेला माणूस हे बोलला. मग साहेबांनी विचारलं, "घरात अलीकडं कोणी वारलंय का? अंत्यविधी कसा केला?" मी त्यांना ओढ्यावर घेऊन गेलो. माती अजून ओली होती, गुलाल दिसत होता. ते उभे राहिले, बघितलं, वहीत लिहिलं.

शरणबसप्पा काकांनी साक्ष दिली, की हे आमच्याच गावचे, पिढ्यान् पिढ्यांचे. साहेब गेल्यावर काका ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "प्रेम, माझ्या नातवाला ताप होता तवा तुझी माय त्याच्या उशाला माळ जपत बसली व्हती. म्या आज खोटं बोललो न्हाय. पण खरंबी बोललो न्हाय." चहा न घेताच गेले.

मला सगळ्यांचा राग येतो. त्या निनावी अर्जवाल्याचा, कायदा करणाऱ्यांचा, फादरांच्या फोनचा. तुझाही येतो. तू जाळीच्या मागं आहेस, तुला कोणी कुलदैवत विचारायला येत नाही.

तुला हवं ते उत्तर लिही.

प्रेम

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र चारच ओळींचं. मी ते वाचून घडी केली आणि पुन्हा उघडलं. तू लिहिलंस की पोरीच्या कागदासाठी केलंस हे मला समजतं, माती कुठली हे देव बघत नाही. आणि शेवटी विचारलंस, "पण शेवटचा अभ्यंग तरी मिळाला ना मायला?"

मला वाटलं होतं, मागच्या पत्रात इतकं सांगितल्यावर तू हे विचारायचं विसरशील. खरं तर तेवढ्यासाठीच मी इतकं सगळं सांगितलं होतं.

नाही मिळाला, ताई. मरताना फादरांच्या हातचं तेल मायच्या कपाळाला लागलं नाही.

वीस तारखेला मायला दम लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, वय झालं, घरीच ठेवा. एकवीसला सकाळी ती मला म्हणाली, "फादरला बलीव." मी हो म्हणालो आणि बोर्डिंगात गेलो. नोटीस येऊन पाच दिवस झाले होते. मला सारखं वाटायचं की कोणीतरी आमच्या दारावर डोळा ठेवून आहे. फादरांची मोटारसायकल, तो पांढरा झगा, तेलाची डबी, हे सगळं वस्तीतून आपल्या दारापर्यंत येणार आणि पुन्हा कोणाच्या तरी फोनमध्ये जाणार. बावीसला तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, फादर वसईला गेलेत, येतील. तेवीसला तिला नीट बोलता येत नव्हतं. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि विचारलं, "आले का?" मी म्हणालो, वाटेत आहेत.

फादर पाच किलोमीटरवर होते. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासोबत चर्चच्या छताचे पत्रे बघत उभा होतो, कुठून गळतंय ते. ते म्हणाले, आई कशा आहेत? मी म्हणालो, बऱ्या आहेत.

चोवीसला दुपारी ती गेली. झोपेत नाही. दाराकडं बघत.

तेव्हा हे फक्त सिताला माहीत होतं. ती तेव्हा एकदाच बोलली होती, की तुम्ही नाही बोलवत तर मी जाते. मी तिला पोरीची शपथ घातली. ती गेली नाही. पण परवा तिनं मला सांगितलं, की मायला आंघोळ घालताना तिनं तिची जपमाळ तिच्या उजव्या हाताला गुंडाळली आणि वरून लुगड्याचा पदर घट्ट बांधला. बायकांतल्या कोणाच्या लक्षात आलं असेल तरी कोणी बोललं नाही. अडीच महिने तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुमी काढून घेतली असती." मी घेतली असती का, हे मला खरंच माहीत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी फादरांकडं गेलो, पापनिवेदनाला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या आईला देव ओळखतो. ताई, मला राग आला. हे वाक्य मी स्वतः पन्नास घरांत बोललो आहे आणि मला त्याचा भाव माहीत आहे. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्यांनी माझी माफी मागितली, फोटोसाठी, नावांसाठी. म्हणाले, मला इथलं काही कळलं नव्हतं. मग मला क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून सांगितलं, ज्याला तुम्ही असंच दुखावलं असेल, त्याच्याकडं जा.

त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते चार वर्षांपूर्वी इथं नव्हते. पण मला लगेच माणूस आठवला.

यल्लाप्पा तुला आठवत असेल, आपल्या मागच्या आळीतला, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप वारला तेव्हा त्याचा पोरगा पोलिसभरतीत होता, त्याचाही कागद पडताळणीत होता. यल्लाप्पा माझ्याकडं आला आणि हात जोडून म्हणाला, मास्तर, गुपचूप करू द्या, ओढ्यावर ठेवतो, वर्षानं मिस्सा घालू. मी त्याच्या दारात गेलो. दहा-बारा माणसांसमोर म्हणालो, "येशूची लाज वाटती तर मिस्सेला येऊ नको." मला तेव्हा वाटलं, मी श्रद्धा राखली. घरी येऊन मायलाही अभिमानानं सांगितलं. माय भाकरी थापत राहिली.

त्यानंतर यल्लाप्पा आला नाही. ढोलकी अजून चर्चच्या कोपऱ्यात पडून आहे. आणि मायच्या मातीच्या दिवशी तिरडीचा पुढचा डावा खांदा त्याचा होता. बोलावलं कोणी नव्हतं. ओढ्यापर्यंत आला, माती टाकली, माझ्याकडं न बघता गेला.

एकतीस ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या सुनेनं करंज्या पुढं ठेवल्या. मी म्हणालो की मी तुझा गुन्हेगार आहे, त्या दिवशी तुझ्या दारात बोललो ते चुकलं, आणि आता तेच मी केलं, तुझ्यापेक्षा वाईट केलं. अभ्यंगाचं त्याला सांगितलं नाही, ते सांगायला तोंड उघडलं नाही. तो ऐकत राहिला. मला वाटलं, म्हणेल जाऊ द्या मास्तर. तसं तो म्हणाला नाही.

"तुमी माफी मागून मोकळं व्हताल," तो म्हणाला. "माझा बाप चार वर्सं बिगर मिस्सेचा पडलाय. दोन तारखेच्या यादीत त्येचं नाव घेता का, तेवढं सांगा."

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. तुला माहीत आहे, त्या दिवशी चर्चमागच्या दफनभूमीत मी यादी वाचतो. धर्मग्रामात आजवर गेलेल्या सगळ्यांची नावं, आजोबांच्या काळापासून. एक नाव वाचायचं, लोकांनी म्हणायचं, प्रभू त्याला शांती देवो. यादीत तीच नावं असतात, जी तिथं मातीत आहेत. ओढ्यावरच्यांची नसतात. हा नियम मीच केला होता.

मी त्याला म्हणालो, घेतो.

यंदा त्याच दिवशी पाडवा आला. तरी पन्नासेक माणसं जमली, शहरात असलेली पोरं दिवाळीला गावी आली होती. अक्षदा सिताबरोबर मागं उभी होती. फादरांनी सुरुवातीलाच सांगितलं, कोणी फोन काढू नका, आणि स्वतःचा फोन खिशातून काढून सर्वांसमोर बंद केला. यल्लाप्पा आत आला नाही. दफनभूमीच्या दगडी कुंपणापलीकडं उभा राहिला, टोपी हातात.

मी वाचायला लागलो. यल्लाप्पाच्या बापाचं नाव आलं तेव्हा दोन-तीन जणांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी म्हटलं, प्रभू त्याला शांती देवो. कुंपणाकडं बघायचं मी टाळलं.

त्यानंतर यादीत मायचं नाव होतं. मीच रात्री बसून लिहिलं होतं, सगळ्यांत शेवटी. आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही. फोन बंद होते, फादर बाजूला होते, तरी मला त्या पन्नास माणसांत तो अर्ज करणारा दिसायला लागला. कोण असेल, हा का तो, ती का ही. चौकशी झाली होती पण कागद अजून हातात नव्हता. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, आता आपण प्रार्थना करू या.

कुंपणाकडून यल्लाप्पा बोलला. ओरडला नाही. शाळेत हजेरी घेताना कोणी राहिलं तर सांगतात, तशा आवाजात म्हणाला, "मास्तर, एक नाव राहिलं. कोंडाबाई."

मग सिताचा आवाज आला. मग अक्षदाचा. मग सगळ्यांचा. प्रभू तिला शांती देवो. मी म्हटलं का, मला आठवत नाही. अक्षदा सांगते, तुम्ही म्हटलं नाही, तुम्ही खाली बघत होता.

परतताना पोरीनं मला विचारलं की आजीला फादर का आले नव्हते. तिला मी मातीचं सांगितलं होतं, तीन दिवसांचं नाही. त्या दिवशी रस्त्यात सगळं सांगितलं. ती चालत राहिली. पुढं वळणावर थांबून म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी केलं असं कोणाला सांगू नका. तुमी भिला म्हणून केलं." मी म्हणालो, हो.

बुधवारी कागद आला. जात वैधता प्रमाणपत्र मंजूर. सोबत चौकशी अहवालाची प्रत होती. अक्षदानं ती उभ्यानं वाचली. त्यात साक्षी आहेत, शाळेचे दाखले आहेत, आणि सातव्या मुद्द्यात लिहिलं आहे, की अर्जदाराच्या आजीचा अंत्यविधी समाजाच्या हिंदू रीतिरिवाजाप्रमाणे झाल्याचे प्रत्यक्ष स्थळपाहणीत आढळून आले. मायच्या मातीबद्दल जगात एवढंच लिहिलेलं आहे, ताई. क्रुसावर नाव लिहायचं होतं, ते सरकारी कागदावर लिहिलं गेलं, आणि तेही नाव नाही, अर्जदाराची आजी एवढंच.

अक्षदा उद्या नोकरीवर हजर होणार. मला वाटलं होतं, ती जाणार नाही म्हणेल. एकदा तरी तसं म्हणावं असंही वाटत होतं, म्हणजे मला तिला समजावता आलं असतं. ती तसं काही म्हणाली नाही. बॅग भरली. आजीचं एक लुगडं घेतलं. तिचं बरोबर आहे. तिनं चार वर्षं रात्रपाळ्या करून हे मिळवलं आहे आणि ती चांगली नर्स होईल, तिथं येणाऱ्यांना तिचा देव कोणता याच्याशी काही देणंघेणं नसेल.

मी फादरांना सांगितलं, मला धर्मशिक्षकाच्या कामातून मोकळं करा. ते म्हणाले, नाताळापर्यंत थांबा, आत्ता दुसरं कोणी नाही. खरंच कोणी नाही. म्हणून आज सकाळीही मीच उभा राहून टाळ्या वाजवल्या, अकरा माणसांसमोर. यल्लाप्पा आला नव्हता. येईल असं मी मनात धरलं होतं, पण त्यानं तसा शब्द कुठं दिला होता.

ओढ्यावर क्रूस लावता येणार नाही. पोरीची नोकरी आहे तोवर नाही, म्हणजे तीस वर्षं नाही. तोवर मी नसेन. पाऊस दोन-तीन वर्षं असाच झाला तर ती जागाही ओळखू येणार नाही. मी रोज संध्याकाळी बोर्डिंगातून येताना तिथून येतो. थांबत नाही, चालता चालता म्हणायचं ते म्हणतो. ही काही मोठी गोष्ट नाही, तुला बरं वाटावं म्हणून लिहितो आहे असंही समजू नकोस.

तुझी पत्रं मदर वाचतात हे मला माहीत आहे. हेही वाचू देत.

एक मागतो. मला क्षमा केली असं लगेच लिहू नकोस. तुझ्या मठात ते रोजचं काम आहे, तुझ्या हातून ते पटकन होऊन जाईल. आधी मायसाठी जितकं रडायचं तितकं रड. तिच्यासाठी आपल्या घरात अजून कोणी मोठ्यानं रडलेलं नाही. माझ्यावर चीड आली तर येऊ दे, आणि ती पत्रात लिही, गोड करून लिहू नकोस. मी वाट बघीन.

तिच्या उशाशी बसून तिला खोटं सांगणारा,
तुझा भाऊ
प्रेम